पायरीवरचा डाव

उभी हयात दुकानदारांची वजनमापं तपासण्यात गेली, तरी निवृत्तीनंतर निरीक्षकांच्या डोक्यातला तराजू काही खाली उतरला नाही. दुकानदार सुटले आणि घरच्यांची पाळी आली. एकदा मेंढीकोट खेळताना धाकट्या भावानं हातात किलवर असूनही हुकूम मारला. पुढच्याच हाताला ते किलवर बाहेर आलं. “चिकटलं होतं रे दादा,” तो म्हणाला. निरीक्षकांनी तिथल्या तिथे कायदा केला: पत्त्यांत लबाडी करणाऱ्यानं या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. धाकट्याचं सोफे दुरुस्तीचं दुकान दोनच गल्ल्या पलीकडे, पण तोही त्याच आईचा मुलगा. तो परत आला नाही.

तेव्हापासून निरीक्षक एकटेच डाव लावत. सात रांगा, वरचं पान उघडं, खालची पालथी. काळ्यावर लाल, लालवर काळं, उतरत्या क्रमानं. “एकट्याच्या खेळात लबाडी करायला दुसरा असतोच कोण?” असं ते बायकोला ऐकवत. भावाशिवाय आपल्याला करमत नाही, हे मात्र त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

त्या दुपारी डाव सुटता सुटता अडला. दोन रांगांवर दोन लाल नव्व्या, आणि काळी दश्शी एकच. कुठली नव्वी उचलायची? चुकीची उचलली की डाव गेला. निरीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि एका नव्वीखालच्या पालथ्या पानाचा कोपरा नखानं अलगद उचलला. इस्पिकचा एक्का!

त्यांना दरदरून घाम फुटला.

“अगं, माझ्या चपला कुठायत?”

“आत्ता कुठे निघालात?”

“बाहेर. मी लबाडी केली.”

उशीचा अभ्रा शिवता शिवता बायकोनं मान वर केली. “अहो, बघितलं तर बघितलं. ते पान काय लाजलं?”

“आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे या घरात चालायचं नाही,” असं म्हणून निरीक्षक स्वतःला घराबाहेर काढून पायरीवर जाऊन बसले.

वरच्या मजल्यावरचे वकील कोर्टातून परतत होते. त्यांनी प्रकरण उभ्या उभ्याच ऐकून घेतलं. “आरोपी तुम्ही, साक्षीदार तुम्ही, न्यायाधीशही तुम्हीच. संशयाचा फायदा घ्या आणि आत जा.”

“मला संशयच नाही,” निरीक्षक म्हणाले.

वकिलांनी हात टेकले आणि ते जिना चढून गेले. बायकोनं खिडकीतून चहा दिला. आत या म्हणून विनवलं, रागावली, शेवटी धाकट्याला फोन लावला. “भाऊजी, तुमच्या दादांनी पत्त्यांत लबाडी केली. घराबाहेर बसलेत. ताबडतोब या.”

धाकटा दुकानाचं शटर ओढून धावतच आला. इतका आनंद त्याला कैक वर्षांत झाला नसावा.

“कोणाला फसवलंस?”

“स्वतःला.”

“आणि पकडलं कोणी?”

“मीच.”

धाकटा पायरीजवळ घुटमळला. दोघांनाही घर बंद. उरली ती पायरी. तिथे बसायला कायद्याची आडकाठी नव्हती. तो टेकला. पण बोलायचं काय? वहिनीनं खिडकीतून पत्त्यांचा कॅट पुढे केला.

“बदाम सत्ती?” धाकट्यानं विचारलं.

“वाट.”

सगळे पत्ते दोघांत वाटले गेले. निरीक्षकांनी बदामची सत्ती टाकली. धाकट्यानं आपले पत्ते न्याहाळले, मग थेट दादाच्या डोळ्यांत पाहिलं.

“पास.”

बदामच्या सत्तीनंतर तिची छक्की, अठ्ठी किंवा दुसरी कुठलीही सत्ती टाकता येते; यातलं एकही पान हातात नसेल तरच पास म्हणायचं. आता, दोघांच्या खेळात लपायला जागाच नसते. जे आपल्या हातात नाही, ते समोरच्याच्या हातात. इस्पिकची सत्ती निरीक्षकांकडे नव्हती. म्हणजे ती धाकट्याकडे होती, आणि ती टाकता येत असताना तो धडधडीत पास म्हणत होता.

निरीक्षकांची कानशिलं तापली. जिभेवर आलेला शब्द जुनाच होता. तो उच्चारला असता, तर धाकटा उठला असता आणि या खेपेला कायमचा गेला असता. धाकटा तसाच बघत होता, खोडकरपणे नव्हे, घाबरून.

निरीक्षकांनी आपल्या हातातल्या बदामच्या अठ्ठीवर अंगठा ठेवला.

“पास,” ते म्हणाले.

धाकट्यानं आपले पत्ते चाळले. बदामची अठ्ठी त्याच्याकडे नव्हती. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. अख्ख्या आयुष्यात पाव ग्रॅमही इकडचा तिकडे न केलेला दादा त्याच्यासमोर बसून खोटं बोलत होता.

“पास,” तो कसाबसा म्हणाला.

“पास,” निरीक्षक म्हणाले.

“अहो, कोण जिंकतंय?” बायकोनं आतून विचारलं.

“कोणालाच खेळता येत नाहीये गं,” निरीक्षक म्हणाले, आणि भावाला नीट बसता यावं म्हणून जरा सरकले. “वेळ लागेल आम्हाला.”