सतरावी सळई

तिने पट्टी सळईच्या डोक्याशी लावली, पुसली आणि पुन्हा लावली. गेल्या वर्षी बोटभर बाहेर आलेली सळई आज खडकाशी सपाट बसली होती.

"हीसुद्धा?" खालच्या वळणावर धापा टाकत बसलेल्या भिंगवाल्यांनी विचारलं. कार्यालयातले हे भूगर्भतज्ज्ञ सतत गळ्यात भिंग अडकवून फिरत, म्हणून हे नाव.

"हीसुद्धा. सतराच्या सतरा आत."

"डोंगराने गिळल्या की काय!" ते हसले, पण ते हसू काही टिकलं नाही.

या सळया तिच्या बाबांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी या मऊ खडकात ठोकल्या होत्या, डोकं खडकाला टेकेपर्यंत. त्यानंतर त्यांना हात लावायचा नाही, हा नियम. खडक झिजतो, सळई उघडी पडते. जितकी सळई बाहेर, तितका डोंगर गेला. "उंची मात्र कमी होत नाही," बाबा जेवताना सांगायचे. "जमीन खालून ढकलत असते ना! झिजतो तितकाच वर येतो. आज पोटात आहे ते कधीतरी पाठीवर येणारच." नऊ वर्षांपूर्वी याच सतराव्या सळईपाशी दरड कोसळली आणि त्यांना घेऊन गेली. ते सापडले नाहीत. मोजणी मग तिने हाती घेतली.

"कुणीतरी ठोकल्यात," ती म्हणाली आणि एकेका सळईचा फोटो काढत खाली उतरली.

"मग ही नोंद बाद झाली, पोरी. उद्या वर कळवावं लागेल. बाबांची सगळी मेहनत पाण्यात."

तिने पट्टी पिशवीत टाकली आणि घरची वाट धरली.

घरी आई उंबऱ्यात पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती. तिच्या उजव्या तळहाताला फोड आले होते.

"आई, हातोडा कुठाय?"

आईचा हात थांबला. "दाराआड. असतो तिथंच."

"तू गेली होतीस वर?"

"चार दुपारी गेले. तू कामावर होतीस." आईने बाटलीचं झाकण लावलं. "सळई बाहेर आली तितका डोंगर गेला, असं तेच म्हणायचे ना? असाच जात राहिला तर एक दिवस ते उघडे पडतील. उन्हातान्हात. माझ्याने नाही बघवणार."

रडावं की ओरडावं हे तिला कळेना. बाबांच्या हातचं एवढंच मागे उरलं होतं, आणि आईने ते मायेपोटीच पुसून टाकलं होतं.

"अगं, सळई ठोकून डोंगर थांबतो का?"

"ते मला नको शिकवू. सोळा ठोकल्या तेव्हा कुठे झोप लागली."

"सतरा."

"सोळा. वरचा कडा चढवतोय का मला? गुडघे बघ की जरा! खालूनच हात जोडले आणि आले."

तिने मोबाइल काढला. सोळा सळयांच्या गंजलेल्या डोक्यांवर हातोड्याचे ताजे, चकाकणारे मार उजवीकडून बसले होते, हलके, चाचपडत. सतरावीवर तीनच होते, तेही तितकेच ताजे. तिन्ही डावीकडून, खोल आणि नेमके.

बाबा डावखुरे होते. भिंतीतल्या प्रत्येक खिळ्यावर त्यांचा मार तसाच होता.

आईने फोटो बराच वेळ पाहिला. मग मोबाइल पालथा घातला आणि पदराने तेलाची बोटं पुसली.

तिने मोजणीची वही उघडली. कुणी ठोकली, ते लिहिणं भाग होतं. पहिल्या सोळा ओळींपुढे तिने 'आई' लिहिलं. सतराव्या ओळीवर पेन्सिल टेकली आणि तिथंच राहिली.

"पुढच्या वर्षी मी नाही जायची," आई म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे इतका हलका झाला होता. "आता त्यांचं ते बघतील."