मोठ्या मापाचे बूट

फाटकाची कडी काढून नणंद पलीकडे गेलीसुद्धा. मागून येणाऱ्या भावजयीसाठी ते उघडं धरावं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. शाळेत खेळ शिकवणारी बाई. सुट्टीच्या सकाळीही तोंडात शिट्टी असल्यासारखी वागायची.

"पाय उचल गं! ही तर नुसती सुरुवात आहे."

भावजयीनं पाय उचलला आणि टाचेतली कळ थेट मस्तकात गेली. बूट नवऱ्याचे होते. तो इस्पितळाच्या ज्या वॉर्डात वारला, त्या वॉर्डाच्या मदतीसाठी लांब पल्ल्याची पदयात्रा निघणार होती. जोडीनं निघायचं आणि जोडीनंच पोहोचायचं असा नियम. सरावाच्या पहिल्याच दिवशी नणंदेनं भावाचे बूट पॉलिश करून तिच्यापुढे ठेवले होते. "तोच चालतोय असं वाटेल," एवढंच म्हणाली. आता यावर बूट मापाचे नाहीत असं कोणत्या तोंडानं सांगणार? भावजयीनं पुढे कापूस कोंबला, मोज्यांवर मोजे चढवले आणि गुपचूप टाचा सोलून घेतल्या.

पण खरं ओझं वेगळंच होतं. ती ज्या वाचनालयात काम करायची, तिथं पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला तिनं लग्नासाठी होकार दिला होता. नणंदेला हे दुसऱ्या कुणाकडून कळून चालणार नव्हतं. माहेरचं कुणी उरलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. तिच्यावर हक्कानं रागावणारं हे एकच माणूस. तेही तोडून निघून गेलं तर? दर खेपेला ती शब्द जुळवून यायची आणि दर खेपेला नणंद दहा पावलं पुढे. पाठीशी काय बोलणार!

"वन्सं, जरा थांबता? बोलायचं होतं."

"चालताना बोललं की दम लागतो."

"म्हणून तर थांबा म्हणतेय."

नणंदेनं उलट वेग वाढवला. वाट आता कालव्याच्या काठावर चढली होती, अरुंद आणि निसरडी. तिला गाठायला भावजय जवळजवळ पळतच निघाली. बुटाच्या आत पाय सरकला, घोटा वळला, आणि ती उतारावरून थेट पाण्याच्या दिशेनं घसरली. हाताला झुडूप लागलं म्हणून निभावलं.

"हलू नकोस! अजिबात हलू नकोस!"

नणंद पोटावर आडवी झाली आणि तिनं भावजयीचं मनगट पकडून तिला वर ओढलं. दोघीही चिखलानं माखल्या होत्या. मग नणंदेनं तिला दगडावर बसवून बूट काढला. मोजा रक्तानं टाचेला चिकटला होता. आतून कापसाचा बोळा बाहेर पडला. नणंदेनं तो हातात घेतला.

"इतके दिवस?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं दिले होते."

नणंदेनं पाठीवरच्या पिशवीतून बाटली आणि पट्टी काढली, पाणी ओतून मोजा अलगद सोडवला. पाय तिच्या मांडीवर होता, म्हणजे आता तिला उठून जाता येणार नव्हतं.

"वन्सं, मी लग्न करतेय."

पट्टी गुंडाळणारे हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे. तुला विचारण्याआधी तो माझ्याकडे आला होता. तुमच्या घरात मोठ्या तुम्हीच, म्हणाला. मी म्हटलं, मला कसलं विचारतोस, तिला विचार."

"आणि तुम्ही मला बोलूही देत नव्हतात?"

"बोललीस की संपलंच ना सगळं." मैदानभर ऐकू जाणारा तो आवाज फाटला. "तोवर तू माझ्या भावाची बायको होतीस. म्हणून पळत होते तुझ्यापुढे. वेड्यासारखी."

भावजयीला रडू आवरेना. नणंदही रडत होती, पण पट्टीची गाठ मात्र तिनं नीट मारली. मग पिशवीतून चपला काढून तिच्या पायांशी ठेवल्या.

"त्याला विचार, पदयात्रेच्या दिवशी वाटेत पाणी घेऊन उभं राहायला जमेल का. दोघींसाठी."

"जमेल."

"आणि उशीर केला तर मी रागावेन, हेही सांग."