डाव्या हाताचा भाता

कपाटाचं दार जरा उघडंच राहू द्या हो. मी बोलतेय, आतली अंबू बॅग. नाव ऐकून बिचकू नका. ज्याला स्वतःचा श्वास घेता येत नाही, त्याच्या छातीत हाताने हवा भरायची रबरी पिशवी, एवढीच माझी ओळख. एका टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क, मागे माझं फुगीर पोट. दाबलं की हवा आत जाते, सोडलं की मी पुन्हा फुगते.

किनवट तालुक्यातल्या या छोट्या दवाखान्यात मी आले तेव्हा कोरी करकरीत होते. ज्योत्स्ना सिस्टर दर सोमवारी मला बाहेर काढायच्या, माझ्या तोंडावर तळहात घट्ट धरायच्या, दुसऱ्या हाताने दाबायच्या आणि कान लावून ऐकायच्या. कुठून हवा तर सुटत नाही ना! मग "शहाणी गं माझी बाई" म्हणून परत ठेवायच्या. त्याच दिवसांत किराणा दुकानदार शरणप्पांचा श्वास मी परत आणला. बरे होऊन ते पेढे घेऊन आले. सगळ्यांनी खाल्ले, मला कोण विचारतंय! पण खोटं कशाला सांगू, मी आठवडाभर फुगून होते.

मग सिस्टरांची बदली जळकोटला झाली. सोमवार येत राहिले, रजिस्टरात माझ्या नावापुढे बरोबरची खूणही होत राहिली, पण तोंडावर तळहात काही आला नाही. मला खिडकीतल्या फळीवर टाकलं आणि वर सलाइनची खोकी रचली. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. दोन उन्हाळ्यांत, माझ्या पोटाखाली जिथे घडी पडली होती तिथे, बारीक चीर गेली.

गेल्या सप्टेंबरात इस्लापूरच्या चांगुणाबाईंना भर दुपारी कापसात पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत. नाग होता. कोणी म्हणालं, आधी मांत्रिकाकडे न्या. त्यांचा नवरा ज्ञानोबा कोणाचं ऐकतोय! मागे शेजाऱ्याला धरायला घेऊन, मोटारसायकलवर मधे बसवून बाईंना त्याने थेट दवाखान्यात आणलं. इंजेक्शनं दिली, तरी बाईंच्या पापण्या मिटायला लागल्या, श्वास तोकडा पडायला लागला.

"विष उतरेपर्यंत हवा देत राहिलो तर वाचतील," डॉक्टर म्हणाले. "विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात श्वासाचं मशीन आहे. तिथपर्यंत पोचवा."

घाईघाईत मला फळीवरून ओढलं आणि गाडीत टाकलं. माझ्या पोटाखाली बघायला कोणाला वेळ होता?

गाडीत दवाखान्याचा माणूस म्हणजे प्रीतम ब्रदर एकटाच. तो दोन्ही हातांनी मास्क दाबून बसला आणि मी ज्ञानोबाच्या डाव्या हातात आले. काय हात होता तो! तीस वर्षं ज्ञानोबा भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवत होता. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. आणि पेटीवाला कधी भाता रिकामा होऊ देत नाही. त्याच सवयीने मी पुरती फुगायच्या आत तो मला पुन्हा दाबायला लागला.

"मामा, असं न्हाई!" प्रीतम ओरडला. "सोडा. पूर्ण फुगू द्या, मग दाबा."

"चुकलं साहेब, चुकलं."

मग त्याने त्रिसरण धरलं, बुद्धं सरणं गच्छामि. ओठातल्या ओठात एक ओळ सावकाश म्हणायची, एकदा दाबायचं, सोडायचं. पुन्हा पुढची ओळ. इतका नेमका हात मला जन्मात मिळाला नव्हता. मधूनच तो बायकोशी बोलायचा, "चांगुणा, विशाखा निघाली गं लातूरहून. लेकीला बघायचं हाय ना? मग धीर धर." बाईंचं बोट जरासं हललं. ऐकत होत्या त्या, सगळं ऐकत होत्या!

हिमायतनगर मागे पडलं. दर दाबाला माझी चीर रुंद होत चालली. अर्धी हवा बाईंच्या छातीत, अर्धी गाडीत. ज्ञानोबाचा हात थबकला.

"साहेब, हवा कुठंतरी निघून राहिली. भात्याला भोक पडलं की हाताला असंच हलकं लागतंय बघा."

"मामा, ही पेटी न्हाई! तुम्ही फकस्त दाबा."

प्रीतम घामाने निथळत होता. मला तपासायला मास्क सोडला असता तर उरलेली हवाही गेली असती, असं त्याला वाटलं असेल. शिकलेल्या माणसाने सांगितलं म्हणून ज्ञानोबा पुन्हा दाबायला लागला. अरे, भांड ना त्याच्याशी! तुझाच हात खरा आहे! पण मला वाचा कुठली? भोकरच्या पुढे बाईंचं बोट हलायचं थांबलं. विष्णुपुरीला डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारून मान हलवली, तरी ज्ञानोबा दाबतच होता. त्याची बोटं उघडून मला सोडवून घ्यावं लागलं.

परत आल्यावर प्रीतमने मला बादलीत बुडवलं आणि दाबलं. पोटाखालून बुडबुडे आले. पुन्हा दाबलं. पुन्हा बुडबुडे. मग मला पुसून या कपाटात पार मागे ढकललं आणि कोणाला काही बोलला नाही.

महिन्याने ज्ञानोबा बीपीच्या गोळ्या न्यायला आला. सोबत लेक होती, विशाखा.

"दादा, तुम्ही तरी समजवा बाबांना," ती प्रीतमला म्हणाली. "पेटी कुणालातरी देऊन टाका म्हणून राहिलेत."

ज्ञानोबा आपल्या डाव्या तळहाताकडे बघत होता. "ह्या हातानं तिला दम पुरवता आला न्हाई, पोरी. साहेब सांगून राहिले होते, सोडा, सोडा. मी पेटीवाणी दाबत गेलो. माझ्यामुळंच गेली ती. आता ह्याच हातानं कशी वाजवू?"

प्रीतमने कपाटाकडे बघितलं. ओठ हलले त्याचे. सांग रे, आता तरी सांग!

"गोळ्या जेवणानंतर घ्या, मामा," तो म्हणाला.

मी आता कुणाच्या कामाची नाही. आज ना उद्या मला फेकून देतील, त्याचं मला काही वाटत नाही. माझ्या जागी नवी येईल, तिच्या तोंडावर मात्र तळहात ठेवून ऐकत जा रे बाबांनो. आणि कधी इस्लापूरकडे गेलात तर ज्ञानोबाचं घर विचारा. पेटीवाला म्हटलं की कोणीही दाखवेल. त्याचा डावा हात हातात घ्या आणि सांगा, "तुम्ही बरोबर ओळखलं होतं, मामा. भात्यालाच भोक होतं."