सुबाभळीखालचं आवळीभोजन

“आई, सांग बरं, यातली मी कोणती?”

प्रश्न अक्षतानं विचारला खरा, पण तो तिच्या डोक्यातून निघालेला नव्हता. मोना आणि शीतल या तिच्या वर्गातल्या दोघींनी राजूर सोडल्यापासून जीपमध्ये तिला टोचून टोचून हैराण केलं होतं.

“परवा मी तुमच्या दारात आल्ते,” शीतल कुजबुजली होती, “तर तुझी आई मला म्हणली, अक्षू, दूध उतू जाऊन राह्यलं, बघ.”

“अन् मला म्हणली, अक्षू, दप्तर उचल!” मोनानं डोळे मोठे केले. “मी हुकमचंद शेटची नात, घाऱ्या डोळ्यांची. माझ्यात अन् तुझ्यात काय सारखंय गं? विचारून दाखव तिला. हाय हिंमत?”

हिंमतीचं नाव काढलं की अक्षताच्या अंगात वारं भरायचं. नववीपर्यंत ही पोरगी हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा खाली बघायची. दहावीच्या सुरुवातीला बाईंनी जबरदस्तीनं वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, तालुक्यात पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून तिचं तोंड म्हणजे चावी तुटलेला नळ. वर्गात बोले, जीपमध्ये बोले, दुकानदाराशी हुज्जत घाले. अशा पोरीला ‘हाय हिंमत?’ विचारणं म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल.

त्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता. झेंडावंदन उरकून त्या तशाच गणवेशात निघाल्या होत्या. वनउद्यानाच्या फाटकाशी तिघी ओळीनं उभ्या राहिल्या. सारख्या ओढण्या, सारख्या वेण्या, सारख्या पांढऱ्या रिबिनी. अक्षतानं प्रश्न विचारला आणि लगेच पाय न वाजवता जागा बदलली. मधली कडेला, कडेची मध्ये.

आई हसली. “ही काय परीक्षा लावली गं सासूबाईनं? जिच्या तोंडाला कुलूप न्हाई, ती माझी!” असं म्हणून तिनं हात पुढं केला आणि मधल्या पोरीची हनुवटी धरून हलवली.

मधे शीतल होती.

शीतल खो खो हसायला लागली होती, ती मधेच थांबली. मोना ओढणीचं टोक चघळत राहिली. अक्षताचे पप्पा, कल्याणराव, जीपला कुलूप लावून आले आणि म्हणाले, “चला चला, तळं भरलंय म्हणे.” आई त्यांच्या दंडाला धरून चालू लागली. श्रावणात चिखल असतो, घसरायला होतं. धरावं लागतंच.

विचारून दाखवायची पैज अक्षता जिंकली होती. ते कुणी बोलून दाखवलं नाही.

आईचं नाव दैवशाला. जाफराबादच्या बाजारगल्लीत तिच्या हातच्या ब्लाउजला तोड नव्हती. साखरेचा आजार तिला तिशीतच लागला, आणि मागच्या वर्षी तो डोळ्यांत उतरला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, “डोळ्याच्या पडद्यावर रक्त साचतंय. गेलेली नजर परत येणार नाही, पण राहिलेली राखता येईल. दर महिन्याला यायचं, इंजेक्शन घ्यायचं.” आई एकदा गेली. दुसऱ्यांदा गेली तर म्हणाली, “आता बराबर दिसतंय,” आणि उठून आली. तिसऱ्यांदा गेलीच नाही.

कारण अक्षताला ठाऊक होतं. आईची आई, चांगुणाबाई, म्हातारपणी अशीच आंधळी झाली, तेव्हा मामांनी तिला दारातल्या बाजेवर बसवलं. वाईट वागवलं नाही हो कुणी. वेळेवर भाकरी दिली, औषध दिलं. फक्त ‘तू बस, तू बस’ म्हणत राहिले. जिनं उभा जन्म शेत राखलं, ती बाई बसून बसून मेली. आईला आंधळं होण्याची भीती वाटत नसावी इतकी त्या ‘तू बस’ची वाटायची.

म्हणून घरात एक न बोललेला करार झाला होता. आईला दिसतं. विषय संपला. पप्पा जीपनं प्रवाशांचे टप्पे मारून आले की चप्पल ठरलेल्या जागी काढत, खुर्ची हलवली की परत तिथंच ठेवत. आई सुईत दोरा ओवायला अक्षताला देई, तेही “तुझी नजर कशी हाय बघू” असं म्हणून.

आणि ऋतू बदलला की वनउद्यान. लग्नानंतर पप्पांनी आईला पहिल्यांदा फिरवायला नेलं ते इथंच. तेव्हा टेकड्यांवर नुसती रोपं होती. आता सागाचं, बांबूचं दाट रान झालं होतं, तळ्यावर लाकडी पूल होता, उंच मचाण होती, मैलभर पायवाटा होत्या. जायचं बंद केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का बंद केलं? त्यामुळं जाणं चालूच.

कार्तिकात ते आवळीभोजनाला गेले. या वेळी तिघंच. आवळीच्या झाडाची पूजा करायची, बुंध्याला सूत गुंडाळायचं आणि त्याच सावलीत जेवायला बसायचं, हा आईचा लग्नापासूनचा नेम. झाडही ठरलेलं, मचाणीच्या खालचं.

आई त्या दिवशी फार खुशीत होती. “मला नका शिकवू वाट,” म्हणाली आणि पिशवी घेऊन पुढं झाली. मचाणीच्या खांबाला हात लावला, चार पावलं मोजल्यासारखी टाकली, खाली आलेली फांदी चाचपली. बारीक बारीक पानांची, पिसासारखी फांदी. “ही बघा माझी आवळी!”

ती सुबाभूळ होती. पानं तशीच बारीक, पण वरून चपट्या तपकिरी शेंगा लोंबत होत्या. खरी आवळी पलीकडं, फळांनी लदबदलेली.

अक्षतानं तोंड उघडलं. पप्पांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. ओरडल्यासारखं नाही. पाया पडल्यासारखं.

आईनं सुबाभळीला हळदकुंकू वाहिलं. पदर डोक्यावर घेऊन सूत गुंडाळलं, एकेक फेरा अंगठ्यानं नीट बसवत. मग चादर अंथरली, धपाटे, वांग्याचं भरीत, दही काढलं. जेवता जेवता म्हणाली, “या वर्षाला फळ कमी दिसून राह्यलं, न्हाई का हो?”

“कमी कुठं?” पप्पा हात झटकत उठले. “जरा पाय मोकळे करतो.”

ते पलीकडं गेले. अक्षता बघत राहिली. आपला धिप्पाड बाप, जो स्टँडवर दुसऱ्या जीपवाल्याची गचांडी धरायला मागंपुढं बघत नाही, तो टाचा उंचावून चोरासारखे आवळे तोडत होता. खिसे फुगवून ते परत आले, आईच्या मागं उभे राहिले आणि एक आवळा चादरीवर सोडला. टप्. थोड्या वेळानं दुसरा. तिसरा आईच्या मांडीतच.

“अगंबाई!” आईनं तो उचलून कपाळाला लावला. “अक्षू, बघ, आवळी परसाद देऊन राह्यली!”

आधी अक्षताला हसू आलं. पोट धरून हसावं असंच होतं ते. मग हातातला धपाटा तिनं तसाच डब्यात परत ठेवून दिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मोनानं तिला शाळेच्या जिन्यात गाठलं. “ऐक ना. सांगू का नको कळत न्हाई. आमच्या भंवरीदादीच्या ब्लाउजला काकूंनी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या. दादी काही बोलली न्हाई. म्हणली, दैवशालाला कळू देऊ नका, उसवून दुसरीकडं शिवून घेऊ.” मोनाचा आवाज बसला. “अन् शिलाईचे पैसे बी दिलेत.”

“मंग?” अक्षता फणकारली. “चूक होत न्हाई का कुणाची?”

“होते ना यार. मी कुठं काय म्हणले?”

म्हणजे गल्लीलाही माहीत होतं. सगळे मिळून आईच्या भोवती आवळे टाकत होते.

माघात जे झालं, ते अक्षतानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. थंडी कडक होती. चुलत्याच्या शेतात भाजलेली हुरड्याची कणसं फडक्यात बांधून त्यांनी उद्यानात आणली होती, तळ्याकाठी बसून खात होते. आई तळहातावर कणीस चोळायची, फुंकर मारायची आणि कोवळे हिरवे दाणे एकही भुसकट न ठेवता लेकीच्या ओंजळीत ओतायची. त्या कामाला डोळे लागतच नव्हते. तिला इतकं सहज काही करताना पाहून अक्षताला वाटलं, काय सांगावं, दिसतही असेल. आपणच उगीच. आणि ते एकदाचं कळावं म्हणून ती म्हणाली,

“आई! समोर बघ, मोर! केवढा पिसारा फुलवलाय!”

समोर कोरडी वाळू होती आणि कुणीतरी टाकलेली पाण्याची बाटली.

आईनं मान वर केली. चेहरा उजळला. “अय्या, हो की! काय निळा निळा हाय गं! हलू नका, उडून जाईल.” आणि ती खरंच हलली नाही. हातात अर्धं चोळलेलं कणीस तसंच धरून, ती वाळूकडं किती तरी वेळ कौतुकानं बघत राहिली.

अक्षताला स्वतःची इतकी किळस आली, की तिनं ओंजळीतला हुरडा मागं गवतात टाकून दिला.

पुढं परीक्षा आली. दहावीचे पेपर म्हणजे घरात कर्फ्यू. आईनं रोज डब्यात साखर-खोबरं दिलं, पप्पांनी रोज केंद्रावर सोडलं, डोळ्यांचं कुणी नाव काढलं नाही. शेवटचा पेपर झाला आणि आई म्हणाली, “चला, चैत बघून येऊ.”

चैत्रात त्या टेकड्यांवर बघण्यासारखं काय असतं? पळसाची फुलं गळून गेलेली. सागाला पान नाही, नुसते खराटे. तळं आटून मधोमध डबकं झालेलं. सकाळी अकरालाच वाटेवरची माती तव्यासारखी तापली होती. तरी गेले. बांबूच्या बेटाशी चादर टाकली. आई म्हणाली, “नळ इथं तर हाय, बाटली भरून आणते,” आणि कुणी ‘मी आणतो’ म्हणायच्या आत निघालीसुद्धा. तिला अडवणं म्हणजे करार मोडणं. पप्पा उठले आणि परत बसले.

नळ दिसत होता. मधे एक वळण होतं, तेवढंच दिसत नव्हतं.

बराच वेळ झाला. पप्पांनी मुद्दाम हसत हाक मारली, “काय विहीर खोदून राह्यली का?” उत्तर नाही. अक्षता नळावर गेली. तिथं एक कुटुंब कलिंगड धूत होतं, त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. “आईऽ!” तिनं आवाज दिला. व्यासपीठावरून मागच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज. “आईऽऽ!” पप्पा तळ्याकडं पळाले. पानगळीच्या रानात हाक कुठून कुठं घुमत होती. तळ्याच्या काठाला ओल होती, गाळ होता, आणि अक्षताच्या मनात नको नको ते येत होतं.

आई सापडली ती वळणाच्या जरा आत. अगदी जवळ. सागाच्या एका बोडक्या खोडाला टेकून दगडावर बसली होती. बाटली रिकामी. एका पायातली चप्पल नव्हती आणि तो पाय तिनं दुसऱ्या पायावर ठेवला होता. चेहरा लालबुंद झालेला, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

“आई! मी कवापासून बोंबलून राह्यले. ऐकू न्हाई आलं?”

“आलं की.”

“मंग ओ का न्हाई दिली?”

आईनं पदरानं तोंड पुसलं. “काही न्हाई गं. जरा सावलीला बसल्ते.”

अक्षताला कळलं. ओ दिली असती तर ‘ये’ म्हणाले असते, आणि यायचं कुठून, ते तिला दिसत नव्हतं. म्हणून लेकीचा रडवेला आवाज ऐकत ती उन्हात गप्प बसून राहिली होती.

तेवढ्यात पप्पा धापा टाकत आले. त्यांनी आईला बघितलं, अनवाणी पाय बघितला. ते तिच्या शेजारी दगडावर टेकले, शर्टाच्या बाहीनं गळा पुसला आणि म्हणाले, “हां. बरी हाय सावली इथं.”

“इथं सावली न्हाई,” अक्षता म्हणाली.

“अक्षू.”

“न्हाई पप्पा, बोलू द्या. सागाला एक पान न्हाई. तुम्ही दोघं रणरणत्या उन्हात बसलाय.” तिचा तो स्पर्धेतला आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. शब्द फाटके निघत होते. “आई, तुला दिसत न्हाई. तुला माहितीय, पप्पांना माहितीय, गल्लीला माहितीय. मी बी लई खोटं बोलले तुझ्याशी.”

पप्पांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. आईचा हात चाचपडत त्यांच्या गुडघ्यावर आला आणि तिथं थांबला. कलिंगडवाल्यांची पोरं लांब कुठंतरी ओरडत होती.

“उजव्यानं उजेड दिसतो,” आई म्हणाली. “डाव्यानं थोडं थोडं. जवळ आलीस तर तुझं तोंड दिसतं, पण मधे काळं असतं.” मग लहान पोरीनं विचारावं तसं तिनं विचारलं, “गेलेलं परत येतं का गं अक्षू?”

हो म्हणणं किती सोपं होतं. वर्षभर सगळे तेच करत आले होते.

“न्हाई येत, आई.”

आईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. “मंग मला बी बसवा बाजेवर.”

“कोण बसवतंय? ऐका दोघं.” अक्षतानं आपली चप्पल काढून आईच्या पायात सरकवली. तापलेल्या मातीवर तिचे तळवे पोळत होते, ती पाय बदलत उभी राहिली. “सोमवारी सकाळच्या एसटीनं मी आईला संभाजीनगरला नेणार. पप्पा, यायचं तर या, न्हाईतर मी एकटी नेते. भंवरीदादीच्या घरी बी मीच जाऊन सांगणार, की आता शिलाई बंद. आणि आई, डॉक्टर विचारतील किती दिसतं, तवा तू काही बोलायचं न्हाई. ते मी सांगणार, तू नुसती बस.”