कलाबाईची फर्माईश

कलाबाईला जाऊन पाच महिने झाले होते, आणि परवा संध्याकाळी ती रेडिओवर बोलली. फर्माईशीच्या कार्यक्रमात. सून ताट टाकून रडत आत गेली. शेजारची रुखमाबाई दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, गेलेल्या मानसाचा आवाज काऊन वाजवून राह्यले ते? बंद करा म्हना."

म्हणून तिचा नवरा सहदेव बुलढाण्याला आला. एफएमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात तो दोनदा बसला.

कार्यक्रम करणारी वैष्णवी त्याच्या नातीएवढी होती. ऐकून तिचं तोंड उतरलं.

"काका, फोन कमी आले की आम्ही जुनेच लावतो. मला माहीत नव्हतं हो. आत्ताच पुसून टाकते."

"पुसाच्या आंधी एकडाव आयकू दे."

तिने एक हेडफोन त्याच्या कानावर चढवला, दुसरा स्वतः लावला.

"मी कलाबाई बोलून राह्यली, साखळीहून. गानं माह्या मालकासाठी लावा."

एवढं रेडिओवर आलं होतं. पण रेकॉर्डिंगमध्ये फोन पुढेही चालू होता. मागून कुणीतरी खेकसलं, "ठेव ना वं तो फोन! भाकर जळून राह्यली!"

"तुमचीच हाय, खा मंग जळकी!" कलाबाई खदखदून हसली. "आयकलं का बाई? ह्याईच्यासाठीच लावाचं हाय."

"मागचे ते कोण?" वैष्णवीने विचारलं.

"मीच."

"मागचं बोलणं आम्ही कापतो. भांडणं, कुकरच्या शिट्ट्या, सगळंच."

सहदेवला तो दिवस आठवेना. गाणं लागलं तेव्हा आपण बैलाला पाणी दाखवायला उठून गेलो होतो, एवढंच आठवलं. कोणतं गाणं, तेही त्याला माहीत नव्हतं.

"पुसू ना, काका?"

त्याने हेडफोन उतरवून तिच्या हातात दिला.

"नको. लाव. पन माहं वरडनं कापू नको."

"लोक हसतील."

"हासू दे. तीही हासलीच होती."

"घरचे?"

"घरी मी सांगतो."

संध्याकाळी त्याने सुनेला जवळ बसवलं, सांगितलं आणि रेडिओ लावला. स्वतःचं खेकसणं आलं तेव्हा त्याने मान खाली घातली. सुनेला रडता रडता हसू फुटलं. मग गाणं लागलं.

गोठ्यात बैल हंबरत होता. त्याला पाणी दाखवायचं राहिलं होतं.

गाणं संपेपर्यंत सहदेव उठला नाही.