सुमनबाईंचा पदर

श्रावणातल्या एका सकाळी आठ वर्षांची अर्पिता ओरडतच उठली. "आज्जी, माझे डोळे उघडंनात!"

पापण्या चिपडांनी घट्ट चिकटल्या होत्या. मानवत गावात त्या आठवड्यात घरोघरी हेच चाललं होतं. वर्गातली निम्मी बाकं रिकामी पडली होती आणि दुकानांच्या गल्ल्यांवर काळे गॉगल लावलेली माणसं बसली होती.

सुमनबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, पदराचं टोक कोमट पाण्यात बुडवलं आणि डोळे हलक्या हाताने पुसले. पापण्या सुटल्या. त्याच पदराने मग त्यांनी स्वतःचं तोंड पुसलं.

त्यांचा मुलगा बन्सीधर दारातून पाहत होता. त्याला लहानपणचं वालूरचं घर आठवलं. भावंडांचे डोळे आले की शाळा बंद, पडवीत ओळीने अंथरुणं, आणि माय एकेकाचे डोळे पुसत पुढे सरकायची. ओल्या पदराला चुलीच्या धुराचा वास यायचा. त्या वासात दुखणंही गोड वाटे.

"आमच्याकडं डोळे आले म्हंजे सणच असायचा," तो बायकोला, रेणुकाला म्हणाला.

"करा सण! पुढच्या गुरुवारी मायंचं ऑपरेशन हाय, ते हाय का ध्यानात?"

सुमनबाईंच्या डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूने कधीच गेली होती. उरलेल्या उजव्यावर मोतीबिंदू चढला होता. साखर वाढल्यामुळे एक तारीख आधीच हुकली होती. डोळ्यात संसर्ग दिसला तर हीही जाईल, असं परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"म्हणून तर सोय केलीय," बन्सीधर म्हणाला. त्याने दोन गॉगल आणले, एक लेकीला, एक आईला. "हे बघितल्यानं लागतं. बघायचंच न्हाई एकमेकींकडं!" गेल्या वर्षीचे डोळ्यांत घालायचे उरलेले थेंबही त्याने फ्रिजमधून काढून ठेवले.

दुपारी चुडाव्याहून त्याची थोरली बहीण मंजुषा आली. ती तिथल्या शाळेत शिक्षिका होती. आईच्या ऑपरेशनसाठी रजा काढून आली होती. घरात पाऊल टाकलं तर सुमनबाई गॉगल लावून, मान पलीकडे वळवून, पदराने नातीचे डोळे पुसत होत्या.

"माय, हे काय करायलीस?"

"बन्स्यानं सांगितलंय, बघू नको म्हणून. मी कुठं बघायलेय?"

मंजुषाला हसू आलं आणि भीतीही वाटली. "अगं, डोळ्याला डोळा भिडल्यानं काही होत न्हाई. हे पदरातून जातं, हातातून जातं. सोड तो पदर!"

सुमनबाईंचा चेहरा उतरला. "तुमी सगळे ह्याच पदराखाली वाढलात. आता तो वंगाळ झाला व्हय?"

"अक्का, उगं बोलू नको तिला," बन्सीधर म्हणाला. "किती माया होती त्या पुसण्यात!"

"लय होती. पण नीट आठव, बन्सी. आधी डोळे कुणाचे आले होते?"

"माझे."

"मग?"

"तुझे. मग धाकल्या अप्पाचे."

"पदर जसा सरकला, तसं दुखणं सरकलं. आणि शेवटी कुणाचे?"

बन्सीधरला काही आठवेना. उत्तर सुमनबाईंनीच दिलं. "माझे. दरसाली. चुलीपुढं लय झोंबायचे."

"तुझे कुणी पुसले, माय?"

"मला कोण पुसायलंय तवा!" म्हणत त्या हसल्या.

पदराचा वास बन्सीधरला आठवत होता, पडवीतलं ऊन आठवत होतं. आईचे लाल डोळे मात्र आठवत नव्हते. आणि आज तिचा उरलेला एक डोळा तो तसाच जाऊ देणार होता! त्याने उरलेले थेंब उचलून फेकून दिले आणि लेकीला डॉक्टरांकडे नेलं.

त्या दिवसापासून अर्पिताचा टॉवेल, उशी, अंथरूण वेगळं झालं. उकळून निववलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवायचा, एका डोळ्याला एक, आणि टाकून द्यायचा. आधी साबणाने हात, नंतरही साबणाने हात. हे काम रेणुकाने घेतलं.

"आज्जीच पुसू दे!" अर्पिता रडायची. सुमनबाईंचा हात आपसूक पदराकडे जायचा. मग त्या पदर कमरेला खोचायच्या आणि उंबऱ्यात बसून लांबूनच नातीला वालूरच्या गोष्टी सांगायच्या.

गुरुवारी परभणीत डॉक्टरांनी बारीक उजेड टाकून उजवा डोळा कितीतरी वेळ तपासला.

"डोळा स्वच्छ आहे. चला आजी, आत."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अर्पिता आता बरी झाली होती, तरी ती दाराशीच थांबली. सुमनबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या.

"अगं बया! तुझे डोळे घारे हायत की! माझ्या मायसारखे. मला कुणी सांगितलंच न्हाई!"

घरात कुणाचे डोळे आले, तर ज्याचं फडकं त्यालाच ठेवा, हात साबणाने धुवा, डोळे चोळू नका आणि जुने थेंब वापरू नका. डोळा फार दुखला, उजेड सहन झाला नाही किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्या आयांनी जे केलं ते मायेने केलं. ती माया आपण जरूर घ्यावी, आणि त्यांना ठाऊक नव्हतं तेवढं आपण शिकावं.