मीटिंगचा पत्ता

मित्रांनो, कर्जत स्टेशनबाहेरच्या रांगेत सगळ्यांत मागे उभी असलेली, डाव्या अंगाला पत्रा चेपलेली रिक्षा म्हणजे मीच. मी नवी आले तेव्हा किशोरच्या बायकोनं, सुनितानं, मला हळदकुंकू लावलं होतं. किशोर मला रोज धुवायचा. लोक म्हणायचे, गाडी ठेवावी तर किशोरनं.

मग तो प्यायला लागला. दारुड्याइतका हलका प्राणी मी पाहिलेला नाही. बैल थकला की बसतो, कुत्रा जखम झाली की चाटतो. हा मात्र गटारात पडून गटारालाच शिव्या देतो. माझ्या सीटखाली बाटली लपवायचा आणि सुनितापुढे माझीच शपथ घ्यायचा.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी त्यानं मला कालव्याच्या कडेला उलटवलं. आत बाजारपेठेतल्या बांगडीवाल्या शहाजादी चाची होत्या. त्यांचं मनगट मोडलं, माझा पत्रा चेपला आणि किशोरला साधं खरचटलंही नाही. सुनितानं चाचींचे पाय धरले, म्हणून त्या पोलिसांत गेल्या नाहीत.

प्लास्टर निघाल्यावर एका रविवारी सकाळी चाची माझ्यात येऊन बसल्या.

"चल रं. दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणे, ती शोधायची. नाय आलास तर गाडी सरळ चौकीवर घे."

किशोरनं किक मारली.

चाचींच्या पुतण्यानं फोनवर भिवपुरीच्या शाळेचा पत्ता काढून दिला होता. शाळेला कुलूप होतं. पानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मीटिंग नाय ठाऊक. बार पायजे तर तीन हायत." तिथून आम्ही खालापूर गाठलं. तिथं चहाच्या टपरीवरचे चौघे पोट धरून हसले. "बेवड्यांची पन मीटिंग भरते?" एकानं विचारलं. हसणाऱ्यांतल्या दोघांचे डोळे लाल होते. मला त्यांची किळस आली. बारची वाट या लोकांना झोपेतही सापडते. सुटकेची वाट विचारली की दात काढतात.

शेवटी औषधाच्या दुकानातल्या बाईनं नीट सांगितलं, "पळसदरीला अंगणवाडीच्या खोलीत भरते. दर रविवारी, बाराला."

आम्ही पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर सहा-सात पुरुष बसले होते आणि एक जण त्यांना चहा देत होता. त्याला पाहताच किशोर उंबऱ्यावरून मागे फिरला.

"चाची, तो वाडीवरचा धाऊ हाय. बेवडा. त्याच्या पंगतीत मी बसू?"

धाऊला मीही ओळखलं. डोंगराखालच्या वाडीतला हा मजूर एकदा पिऊन माझ्यात बसला होता. किशोरनं त्याची कॉलर धरून त्याला रस्त्यावर ढकललं होतं. त्या दिवशी दोघांच्या तोंडाला एकच वास होता.

चाचींनी मोडून वाकडं जुळलेलं मनगट किशोरच्या नाकापुढे धरलं. "धाऊनं मोडलेलं एक मानूस दाखव मला. तू मोडलेलं हे बघ."

किशोरची मान खाली गेली. धाऊ दारात आला. दोन वर्षांत त्यानं थेंबही घेतला नव्हता, हे आम्हाला मागाहून कळलं. त्यानं एक बुटकी खुर्ची पुढे सरकवली. "ये. बस. चा गरम हाय."

किशोर आत गेला. तासाभरानं बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेल्या पत्र्यासारखा झाला होता. धाऊ पायवाटेला लागत होता. किशोर म्हणाला, "धाऊ, बस ना. वाडीपर्यंत सोडतो."

धाऊनं माझ्याकडे पाहिलं. "नको. मी चालत जाईन."

इतक्या वर्षांत अनेकांनी भाड्यावरून घासाघीस केली, मला शिव्या दिल्या. असं कुणी नाकारलं नव्हतं. मला राग आला नाही. त्या सगळ्या खोलीत ताठ मानेचा तोच एक होता.

मित्रांनो, किशोरचं कौतुक मी करणार नाही. मध्ये एकदा तो पुन्हा प्यायला, पुन्हा मीटिंगला गेला. तुम्ही एवढंच करा: पडलेल्या माणसाला हसू नका, आणि प्यालेल्या ड्रायव्हरच्या गाडीत बसू नका, मग तो तुमचा मामा का असेना. आणि कुणी मीटिंगचा पत्ता विचारला तर नीट सांगा.

दर रविवारी किशोर धाऊला बस म्हणतो. धाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि चालू लागतो.